पालशेतच्या पोराची केस

आमच्या आजोबांच्या गोष्टींत भुतंखेतं फारशी नव्हती. कोर्टकचेरी मात्र भरपूर होती. भावकीतले वाटणीचे दावे, कुळकायद्याच्या तारखा, कोणी कोणाच्या बांधावरचा फणस उतरवला त्याची फिर्याद, आणि या सगळ्यांत मानाची म्हणजे ‘पालशेतच्या पोराची केस’. आम्ही नातवंडं डमडमला जन्मलो, शाळेत बांगला बोललो, समुद्र पाहायला दिघ्याला गेलो. पालशेत कुठे आहे हे आम्हाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण गुहागरजवळच्या त्या गावाचं नाव घरात इतक्यांदा निघायचं, की लहानपणी मला ते नागेरबाजारच्या पुढचा बसस्टॉप वाटे.

आजोबा गुहागर तालुक्यातले. हवामान खात्यात चिकटले, पुण्यात काही वर्षं काढली आणि पन्नासच्या दशकात बदली होऊन डमडम विमानतळावर आले. बदली तीन वर्षांची सांगितली होती. रिटायर इथेच झाले. सुरुवातीला शेजारी त्यांना ‘बर्गी’, म्हणजे लुटायला आलेला मराठा स्वार, म्हणून चिडवायचे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता, तोच ‘मराठा डिच’. खंदक कधीच बुजला, पण बंगाली अंगाईगीतातून बर्गी अजून हललेला नाही. आजोबा हसून सांगायचे, “आम्ही लुटायला नाही आलो, पावसाचा अंदाज सांगायला आलोय.” त्यावर आजी स्वयंपाकघरातून फणकारायची, “कोणी कोणाला लुटलं ते माझ्या पाटल्यांना विचारा!” पाटल्यांचं प्रकरण पुढे येईलच.

आजोबांच्या तोंडची केस अशी. पालशेतचा एक तरणाताठा मुलगा पोफळीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. बापाने त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पुण्याला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी भूल न देता पाय ओढला, मुलगा गेला. बाप दिल्लीपर्यंत लढला आणि सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना तीन लाख भरायला लावले. आत्या मध्येच म्हणायची, “पोफळ नव्हे दादा, आंबा.” आजोबा तिकडे लक्ष न देता बोट वर करून सांगत, “डॉक्टरला कोर्टात उभं करता येतं. ध्यानात ठेवा.”

आजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तो निकाल मिळवून वाचला. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले. सुप्रीम कोर्ट, १९६८. त्यात पोफळ नाही आणि आंबाही नाही. ६ मे १९५३ रोजी पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर. खाट आणून त्याला उचलून नेईपर्यंतच बराच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या. पुढे स्प्लिंट मिळाल्यावर फळ्या सोडल्या, मुलाला टॅक्सीत आडवं केलं आणि मध्यरात्री एक वाजता गाडी पुण्याला निघाली. सुमारे दोनशे मैलांचा १९५३ मधला कोकणातला रस्ता, घाट आणि टॅक्सीत मांडी मोडलेलं पोर. सकाळी साडेअकराला पुणं आलं. दुपारी मुलाला दवाखान्यात भरती केलं, मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं, पाय ओढून हाड जुळवलं, प्लास्टर घातलं. वडील निर्धास्त होऊन दौंडला परत निघाले. आई जवळ होती. संध्याकाळी तिला मुलाचा श्वास अडकतोय असं दिसलं, आणि रात्री नऊला तो गेला.

डॉक्टरांनी दाखल्यावर मृत्यूचं कारण ‘फॅट एम्बोलिझम’ लिहिलं. कोर्टांनी ते मानलं नाही. पुरेशी भूल न देता जास्त जोर लावून पाय ओढला आणि त्या धक्क्याने मृत्यू आला, हा खालच्या कोर्टाचा निष्कर्ष हायकोर्टाने उचलून धरला आणि सुप्रीम कोर्टानेही कायम केला. भरपाई मात्र आजोबांच्या तीन लाखांतली दोन शून्यं गळून तीन हजार रुपये निघाली. पंधरा वर्षं आणि तीन हजार रुपये.

तरी आजोबांची गोष्ट खोटी होती असं मला वाटत नाही. गावाने तपशील बदलला, गाभा जपला. त्या निकालात कोर्टाने डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवतानाची काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवतानाची काळजी, आणि ते उपचार देतानाची काळजी. आजही वैद्यकीय हलगर्जीपणाचा दावा लढताना वकील हे तीन धागे हातात घेतो. आजोबांनी मात्र एक गोष्ट कधी सांगितली नाही, कदाचित त्यांना ठाऊकही नसेल: लढणारा बाप स्वतः डॉक्टर होता. आपल्या मुलाला नेमकं काय झालं आणि दाखल्यावर काय लिहिलंय, हे त्याला वाचता येत होतं. त्याच्या जागी कोणी कुळवाडी असता, तर ‘फॅट एम्बोलिझम’ हे दोन शब्द बघून तो कपाळावर हात मारून घरी गेला असता, आणि आजोबांकडे सांगायला गोष्टच उरली नसती.

त्या काळी रुग्णासाठी कायदा अगदीच नव्हता असं नाही. मुंबई प्रांतात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा होता. आजोबा ज्या बंगालात आले, तिथे १९५० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा झाला होता. दोन्हींचा रोख नोंदणी आणि परवाना यांच्यावर. दवाखान्याने कागद कुठे भरायचे हे त्यात होतं. रुग्णाने काय विचारायचं आणि त्याला काय उत्तर मिळायला हवं, याबद्दल फारसं काही नव्हतं.

आता पाटल्या. आणीबाणी उठली त्या सुमाराला मोठ्या काकांचं अपेंडिक्स फुटलं. डमडममध्ये किरकोळ दुखण्यासाठी ‘चेंबर’ असे आणि आजही आहे. औषधाच्या दुकानामागे पडदा लावलेली खोली, बाहेर बाक, आत डाक्तारबाबू. मोठं दुखणं असलं की आर. जी. कर. राधागोविंद कर यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून वाढलेलं ते सरकारी रुग्णालय, ज्याचं नाव ऑगस्ट २०२४ मध्ये एका भीषण गुन्ह्याने देशभर पोहोचलं. अपेंडिक्स फुटलं त्या रात्री तिथे खाट मिळाली नाही आणि काकांना एका खासगी नर्सिंग होममध्ये नेलं. त्याचं नाव घेत नाही. ते केव्हाच बंद पडलंय. ऑपरेशन चोख झालं, काका वाचले. पण सुटीच्या दिवशी हातात पडलेलं बिल आधी सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. आजोबांनी फोड मागितली. उत्तर आलं, आधी पैसे, मग पेशंट. काका टाके काढून, कपडे घालून खाटेवर बसून होते आणि दारात दरवान. पैसे जमवायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांचं खाटेचं भाडंही बिलात चढलं. शेवटी आजीच्या पाटल्या बहूबाजारात सोनाराकडे गेल्या.

ते बिल आजीने फेकलं नाही. तिच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यांची प्रिस्क्रिप्शनं, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट सालवार लावून दोऱ्याने बांधलेले असत. त्यांतच हे बिल. मी ते पाहिलंय. निळ्या कार्बनची पुसट प्रत, वर दवाखान्याचा रबरी शिक्का अर्धाच उमटलेला, खाली तीन ओळी: ओटी, मेडिसिन, मिसलेनियस. सगळ्यांत मोठा आकडा ‘मिसलेनियस’पुढे. सही कोणाची ते कळत नाही. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या तिसऱ्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती.

बिलापायी माणसाला अडवून ठेवणं तेव्हाही बेकायदाच होतं. कोणालाही डांबून ठेवणं हा दंड संहितेत पहिल्यापासून गुन्हा होता. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवता येणार नाही, ते पैसे दवाखान्याने कायदेशीर मार्गाने वसूल करावेत, हे मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्येही स्पष्ट केलं. पण १९७७ च्या सुमारास फाटक्या खिशाचा माणूस फिर्याद घेऊन कुठे जाणार होता? पोलीस म्हणाले, हा पैशाचा मामला. दिवाणी दावा लावायचा तर स्टॅम्प, वकील आणि पंधरा वर्षं.

वाट बदलली ती ग्राहक चळवळीने, आणि तिचं एक मोठं मूळ आपल्याकडचं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. धान्य, साबण, वजनमाप यांपासून सुरू झालेलं हे काम १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापर्यंत पोहोचलं. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीतला सडका कारभार उघड्यावर आणला. रुग्ण ‘ग्राहक’ आहे की नाही, यावर डॉक्टर आणि वकील काही वर्षं भांडत राहिले. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला: पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. ज्या रुग्णालयात काही जण पैसे भरतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथल्या मोफत रुग्णांनाही हा कायदा लागू. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट, ते मात्र बाहेर.

या निकालाची बातमी आजोबांनी कापून पेटीत ठेवली. “आता पंधरा वर्षं लागणार नाहीत,” म्हणाले. कलकत्त्यानेच त्यांना खोटं पाडलं.

१९९८ ची गोष्ट. अमेरिकेत राहणारं एक बंगाली जोडपं सुटीला कलकत्त्याला आलं. पत्नी अनुराधा साहा यांच्या अंगावर पुरळ उठलं. एका नामांकित डॉक्टरांनी डेपोमेड्रॉल हे स्टेरॉइड दिवसातून दोनदा लिहून दिलं. हे औषध एरवी बऱ्याच दिवसांच्या अंतराने देतात. त्वचा सोलवटत गेली. ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयातून त्यांना विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडीत नेलं, आणि २८ मे रोजी तिथे त्यांचा मृत्यू झाला. पती डॉ. कुणाल साहा राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेले. २००६ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टर आणि रुग्णालय यांना जबाबदार धरलं. २४ ऑक्टोबर २०१३ रोजी भरपाई ठरली ५ कोटी ९६ लाख रुपये आणि त्यावर व्याज. पंधरा वर्षं, बरोबर पालशेतइतकीच. आणि इथेही लढणारा माणूस डॉक्टरच. पानंच्या पानं केसपेपर त्याला वाचता येत होते, खर्च आणि वेळ दोन्ही झेपत होते.

ज्याला काहीच झेपत नव्हतं अशा एकाची गोष्ट बाबा सांगायचे. बाबा रोज सियालदहला उतरून ऑफिसला जात. स्टेशनाशेजारचं नीलरतन सरकार रुग्णालय, म्हणजे एनआरएस, त्यांच्या रोजच्या वाटेवर. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी हकीम शेख नावाचा शेतमजूर मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. गावच्या आरोग्य केंद्रातून त्याला रात्री पावणेबाराला एनआरएसमध्ये आणलं. खाट नाही. मेडिकल कॉलेज, खाट नाही. शंभुनाथ पंडित रुग्णालय, सोय नाही. नॅशनल मेडिकल कॉलेज, खाट नाही. सकाळी बांगूर न्यूरॉलॉजी. स्कॅन झालं, मेंदूत रक्तस्राव आहे हे कळलं, पण भरती नाही. मग एसएसकेएम, तिथेही नकार. अखेर एका खासगी रुग्णालयात जवळपास सतरा हजार रुपये खर्चून तो वाचला. पश्चिम बंग खेतमजूर समिती त्याच्या बाजूने सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ चा निकाल सांगतो: जीव वाचवण्यासाठी वेळेवर उपचार देणं हे सरकारी रुग्णालयाचं कर्तव्य आहे, आणि ते टाळणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. भरपाई पंचवीस हजार. “त्याच्यामागे संघटना होती म्हणून,” बाबा म्हणायचे, “नाहीतर एनआरएसच्या रजिस्टरातली एक ओळ.”

२०१७ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात खासगी रुग्णालयांच्या बिलांवरून लोकांचा संताप उसळला. एका रुग्णालयात मोडतोड झाली. दुसरीकडे एका कुटुंबाला बिलापोटी मुदतठेवीचे कागद जमा करावे लागल्याचं उघड झालं. मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी टाऊन हॉलमध्ये रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना समोर बसवून सर्वांदेखत सुनावलं, आणि मार्चच्या सुरुवातीला विधानसभेने नवा कायदा केला. त्याने एक नियामक आयोग नेमला. अपघात, ॲसिड हल्ला किंवा बलात्कार यांतल्या जखमींवर पैशाची वाट न बघता उपचार करायचे, बाकीसाठी मृतदेह अडवायचा नाही, दर पारदर्शक ठेवायचे, अशा अटी घातल्या. आयोग पन्नास लाखांपर्यंत भरपाई देऊ शकतो. दोन मोठ्या फटीही आहेत. सरकारी रुग्णालयं कक्षेबाहेर, आणि डॉक्टरच्या वैद्यकीय चुकीची तक्रार राज्य मेडिकल कौन्सिलकडे. म्हणजे हकीम शेखला या कायद्याने काहीच मिळालं नसतं.

तरी तो कागदावरच राहिला नाही, हे मी स्वतः पाहिलंय. २०२० च्या कोविडात आयोगाने ठरवून दिलं, की भरती करताना अंदाजित खर्चाच्या २० टक्के किंवा ५० हजार, यांत जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ घ्यायचे नाहीत. आत्याला दाखल करायची वेळ आली तेव्हा एका रुग्णालयाच्या काउंटरवर दोन लाख सांगितले. चुलतभावाने आयोगाच्या आदेशाची छापील प्रत काचेखालून आत सरकवली. आतला मुलगा प्रत घेऊन उठला, दोन मिनिटांनी परत आला आणि बोलला, “पन्नास द्या, दादा.” वाद नाही, आवाज नाही. आत्या घरी आली. पोफळ नव्हे आंबा, हा तिचा हेका अजून कायम आहे.

डॉक्टरांची बाजूही घरातच ऐकायला मिळते. माझी आतेबहीण कलकत्त्यातच डॉक्टर आहे. जून २०१९ मध्ये त्याच एनआरएसमध्ये रुग्णाच्या नातेवाइकांच्या हल्ल्यात एका कनिष्ठ डॉक्टरची कवटी फुटली आणि देशभर संप झाला. ती म्हणते, “लोकांना कोर्ट लांब वाटतं आणि दगड जवळ.” मला यात रुग्णहक्कांच्या कायद्याविरुद्ध काही दिसत नाही, उलट त्याच्या बाजूचं हे सगळ्यांत भक्कम कारण आहे. तक्रारीला जिथे वेळेत उत्तर मिळतं, तिथे दगड उचलायला हात कमी पुढे येतात.

महाराष्ट्राने बंगालसारखा स्वतंत्र आयोग नेमलेला नाही. २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदाही स्वीकारलेला नाही. आपल्याकडे अजून तोच १९४९ चा कायदा चालतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, त्यांत रुग्णहक्कांची सनद, पंधरा सेवांच्या दरांचा फलक आणि तक्रार निवारणाची सोय आली. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातून वैद्यकीय सेवा वगळली गेली, असाही दावा झाला. मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो फेटाळला.

या सगळ्या निकालांतून मला दिसतं ते एवढंच: रुग्णाचा हक्क कायद्याने मिळतो, पण वसूल होतो तो कागदाने आणि चिवटपणाने. आजवर तो बहुतेक वेळा डॉक्टर बापाने, डॉक्टर नवऱ्याने किंवा मागे संघटना असलेल्या मजुराने वसूल केला. बाकीच्यांनी पाटल्या विकल्या.

म्हणून वाचकांना एक सांगणं. भरती होताना खर्चाचा अंदाज लेखी मागा. बिल मागा ते ओळनिहाय. ‘मिसलेनियस’ दिसलं की फोड विचारा. केसपेपरची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी, असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. तो अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रार दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे करा. ती आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि पाच लाखांपर्यंत रक्कम मोजली असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तुमच्या गावच्या दवाखान्यात दरफलक लावलाय का, ते मात्र आजारी पडायच्या आधीच बघून या.